बाटलीतला गाभारा

फोन वाजला की मोनाली आधी नंबर अनोळखी आहे का ते बघे. आठवड्यापूर्वीपर्यंत हाच फोन वाजला की ती हरखायची. लग्नसराई तोंडावर, ब्लाउजच्या ऑर्डरी चाललेल्या, शिक्रापूरच्या कंपनीतल्या मॅडम लोकांचं "झालं का गं माझं?" सारखं सुरू. आता फोन उचलला की एक तर कोणी अनोळखी बाप्या आईमाईवरून सुरुवात करी, नाहीतर काहीच न बोलता नुसता श्वास घेत राही. शिव्या एक वेळ सोसता येतात. त्या श्वासाला ती जास्त भ्यायची.

शिरूरच्या बाजारपेठेतलं तिचं बुटिक बंद होतं. शटरवर कोणीतरी काळं ऑइल ओतलं होतं आणि कामाला येणाऱ्या दोघी मुलींच्या घरच्यांनी 'वातावरण निवळू द्या' असा निरोप धाडला होता. मोनाली दौंडला आईबापाकडं येऊन राहिली होती, आणि पडदा किलकिला करून गल्लीत मोटारसायकल कुणाची थांबली ते बघत होती. छत्तीस वर्षांची बाई, शिक्रापुरात जिच्या कपड्यांवर टाळ्या पडल्या ती, पडद्याआडून दूधवाल्याला घाबरत होती. हसू यावं असंच होतं ते, पण घरात कुणाला हसू येत नव्हतं.

आणि हे सगळं कशापायी, तर एका अत्तराच्या बाटलीपायी.

मोनालीचे वडील खंडू रेल्वेत ट्रॅकमन होते. मूळ गाव करंजवाडी, निमोण्याच्या पुढं. पण नोकरी लागली तसे ते दौंडला आले आणि गावाकडची खोली भावाला देऊन मोकळे झाले. पोरीनं शिकून बँकेत लागावं अशी त्यांची इच्छा. पोरीनं आईच्या जुन्या लुगड्याचा फ्रॉक शिवून शाळेत बक्षीस मिळवलं, तिथंच बँक बुडाली. पुण्यात फॅशन डिझायनिंगचा डिप्लोमा केला, दोन-तीन बड्या डिझायनरांच्या हाताखाली काजं-बटणं केली. पुण्यात डिझायनर पैशाला पासरी, हे लक्षात आल्यावर ती शिरूरला आली आणि तिनं तिची ती प्रसिद्ध नऊवारी काढली. शिवलेली. आतून हुक, नाड्या आणि चोरकप्पे असे बेमालूम बसवलेले, की जन्मात साडी न नेसलेली पोरगी दोन मिनिटांत काष्टा घालून उभी राही आणि सासूलाही ओळखू येत नसे.

पुतळाबाई दुकानात आल्या त्या नातीच्या लग्नाच्या ब्लाउजसाठी. करंजवाडीच्या पाटलांच्या घरातली थोरली बाई. मुलगा जयसिंग देवस्थानाचा अध्यक्ष, गावात शब्द चालणारा. ब्लाउजचं माप झालं तरी म्हातारी हलेना. दुकानातल्या प्लास्टिकच्या पुतळ्याला नेसवलेली नऊवारी ती उलटसुलट करून बघत होती. मग नातीला रसवंतीवर पिटाळून तिनं हळूच विचारलं, "हे दगडावर बसंल का गं?"

मोनालीला आधी कळलंच नाही.

करंजवाडीच्या देवीला, करंजाईला, साडी नेसवायचा मान पुतळाबाईच्या घराचा. गाभाऱ्यात गुरवाशिवाय कोणी जायचं नाही. अपवाद एकच, पाटलाच्या घरची मानकरीण. ती पडदा ओढून आत एकटी देवीला नेसवते, तोवर गुरवसुद्धा बाहेर. एरवी वर्षातून दोनदा नेसवणं असायचं, पण आता नवरात्रात रोजचा रंग वेगळा. पेपरात रंग छापून येतात आणि देवीलाही ते पाळावे लागतात. रोज नवी साडी, रोज निऱ्या, रोज काष्टा. आणि पुतळाबाईंची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. जयसिंगची बायको आधीच वारलेली, नात लग्न होऊन चाललेली, घरात दुसरी बाई नाही. बोटं चालत नाहीत हे गावाला कळलं असतं तर मान भावकीतल्या सोपानरावाच्या घरी गेला असता. सोपानराव आणि त्याची बायको रंभा त्याचीच वाट बघत बसले होते.

"माझी बोटं वळत न्हाईत, ह्ये जयसिंगाला बी ठाऊक न्हाई," म्हातारी म्हणाली. "तू खंडूची पोर ना? मग तर कुणाला संशय बी यायचा न्हाई."

या बोलण्याचा अर्थ मोनालीला लागला. खंडूच्या वस्तीतल्या पोरीनं देवीची साडी शिवली असेल हे करंजवाडीत कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं, म्हणून ती सुरक्षित. राग यायला हवा होता. पण दगडावर बसेल अशी नऊवारी आजवर कुणी शिवली नव्हती, आणि कारागिराला असल्या गोष्टीची भूल पडते. पुतळाबाईंनी देवीचं माप सुतळीला गाठी मारून आणलं. भागुबाई, मोनालीची आई, चिडल्या: "आपण देव सोडलं, आन् तू त्यांची कापडं शिवतीस?" खंडू म्हणाले, "शिवणकाम हाय. पूजा न्हाई." तेवढ्यावर भागलं.

सात वर्षं भागलं. नवरात्र झालं की साड्या गाठोड्यात बांधून दुरुस्तीला येत. गाठोडं सोडलं की त्यातून वास उठे. करंजाच्या तेलाचा दिवा, विझलेला कापूर, हळद, सुकलेला दवणा, ओल्या काळ्या दगडाचा गारवा आणि त्या सगळ्याखाली वटवाघळांचा म्हणावा असा एक उग्र, जुनाट दर्प. लहानपणी सुट्टीत गावी गेल्यावर मोनाली देवळाच्या पायरीखाली उभी राहायची. तिथं यातलं काही पोचायचं नाही. आता गाठोडं मांडीवर घेऊन ती दार लावून बसायची. तिला देव नको होता. हा वास मात्र तिला हवा होता, आणि तो हवासा वाटतो याची तिला थोडी लाजही वाटायची.

पुण्यातल्या एका अत्तरवाल्याकडं ती वर्षभर खेपा घालत होती. शेवटी तो वास अत्तरात जमला. बाटलीवर तिनं नाव घातलं 'गाभारा'. शिक्रापूरच्या एका हॉटेलात कार्यक्रम केला, पोरी नऊवारी नेसून चालल्या, टाळ्या झाल्या, आणि माईक हातात आल्यावर तिनं ते वाक्य बोलून टाकलं. "जिथं मला जाता येत नाही, तिथला हा वास आहे."

बोलताना किती छान वाटलं होतं! त्या वाक्याचं रील रात्रीतून कुठल्या कुठं गेलं. निम्म्या जगानं तिला वाघीण म्हटलं. उरलेल्या निम्म्यानं तिचा पत्ता शोधला.

तरी प्रकरण नुसत्या वाक्यावर थांबलं असतं. पण जयसिंगचा मुलगा विश्वजीत एक बाटली घरी घेऊन गेला. जयसिंगनं मनगटावर घेऊन हुंगली आणि तो उभाच राहिला. करंजाईचा वास. नुसता देवळाचा नव्हे; उंबऱ्याच्या आतला, जो आरतीला दार उघडतं तेव्हा पहिल्या रांगेतल्यांना पुसटसा येतो, तोच, पण दहापट. संध्याकाळपर्यंत गावात एकच प्रश्न होता. हिला आत कुणी घेतलं? जात कुणी उच्चारली नाही. हल्ली उच्चारत नाहीत, कायदा आहे. सगळे परंपरा म्हणत होते.

जयसिंगचा फोन खंडूंना आला. नवरात्र सुरू आहे, उद्या सकाळी आरतीनंतर पोरीला घेऊन या. बाटल्या बंद करायच्या, आणि कॅमेऱ्यासमोर एवढंच म्हणायचं, मी गाभाऱ्यात शिरले, चुकले, माफ करा. मग विषय संपला. नाही आलात तर पोरं ऐकत नाहीत, मग मला बोलू नका.

"नाव मागं घेते मी," मोनाली म्हणाली. "बाटल्या पण फोडते. पण शिरले कसं म्हणू, आण्णा? मी गेलेच नाही."

"मग तसं सांग."

"मग वास कुठून आला ते सांगावं लागेल. पुतळाआजीचं नाव घ्यावं लागेल."

खंडूंच्या ओळखीचा एक हवालदार होता, त्याला त्यांनी विचारलं होतं. तो म्हणाला होता, मिटवून घ्या. सगळेच म्हणत होते मिटवून घ्या. पण 'शिरले' हे एकदा तिच्या तोंडून व्हिडिओत गेलं की ते मिटणार नव्हतं, एवढं मोनालीला पक्कं कळत होतं. उद्या कुणीही, कुठल्याही रस्त्यावर, तो व्हिडिओ दाखवून तिला थांबवू शकत होतं. न म्हणावं तर उद्याच काय ते होणार. अशी दोन्हीकडून कोंडी.

"जाऊ," खंडू म्हणाले. "आत्ता न्हाई गेलो तर पुन्हा कवाच जाता यायचं न्हाई."

सकाळी एका ओळखीच्याच्या जीपनं ते निघाले. रस्त्याला दोन्ही अंगांनी ऊस उभा होता, आणि एरवी ज्या उसाकडं तिचं लक्षही गेलं नसतं त्यात आज तिला माणसं दिसत होती. निमोण्याच्या स्टँडवर चार पोरं बसली होती. त्यातल्या एकानं जीपकडं बघून फोन कानाला लावला. बास, एवढंच. मोनालीच्या तळहातांना घाम सुटला. खंडूंनी खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला.

देवळापुढं गर्दी होती. वस्तीतली माणसं लांब, पिंपळाच्या पाराजवळ उभी होती. त्यात तिचा चुलताही होता, पण तो पुढं आला नाही. तिला त्याचा राग आला नाही, त्याला इथंच राहायचं होतं. सभामंडपाच्या पायरीखाली एक खुर्ची ठेवलेली. समोर जयसिंग, पांढरीशुभ्र टोपी, कपाळाला मळवट. विश्वजीत फोन धरून उभा. एका बाजूला बायका, आणि त्यांच्यात पुढं पुतळाबाई. म्हातारीनं पदर तोंडावर ओढून घेतला होता आणि नजर जमिनीतून वर येत नव्हती. आतून, देवीच्या दारातून, आजच्या रंगाच्या हिरव्या साडीचा काठ दिसत होता. तो काठ मोनालीनं मागच्या महिन्यात स्वतः लावला होता.

"बस," जयसिंग म्हणाला. "सांगितलंय ना काय बोलायचं? सुरू कर."

विश्वजीतनं मान हलवली. चालू.

मोनालीला कुणाचे चेहरे दिसेनात, फक्त टोप्या आणि फोन दिसत होते. म्हणून टाकावं आणि पळावं, असं तिला अगदी खरं वाटलं. कोण विचारतंय खरं? "मी…" ती म्हणाली. मागं खंडू खोकले. मुद्दाम नव्हे, धुळीचा त्यांना त्रासच होता. पण तेवढ्यात ते वाक्य तिच्या तोंडातून निसटलं आणि दुसरंच बाहेर पडलं.

"मी आत गेले नाही. कधीच गेले नाही. देवीच्या साड्या माझ्याकडं शिवायला यायच्या. वास त्या साड्यांना असतो."

आधी कुणाला काही समजलंच नाही. मग बायकांच्या रांगेत कुजबुज सुरू झाली, आणि मोनालीला कळलं की तिनं नाव घ्यायची गरजच नव्हती. साडी कोण नेसवतं ते शेंबडं पोरही जाणत होतं.

"काय बरळतीस?" जयसिंग ओरडला. "देवीची साडी नेसवत्यात. शिवत न्हाईत!"

"शिवलेलीच आहे. डाव्या कुशीत पदराखाली हुक आहेत. बघा."

सोपानराव पुढं सरकला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद त्याला लपवता येत नव्हता. "बघू द्या की जयसिंगराव. देवीच्या अंगावर हुक हायेत का न्हाईत, गावाला कळू द्या."

"आई," जयसिंग म्हणाला, "जा आत. बघ आन् सांग, ही खोटं बोलतीय म्हणून."

पुतळाबाई उठल्या. त्यांच्या मागं पडदा पडला. मोनाली खुर्चीच्या दांड्या धरून बसली होती. म्हातारी बाहेर येऊन काय म्हणेल हे तिला ठाऊक होतं. हुक नाहीत, असंच म्हणेल. का म्हणू नये? घर तिचं, मान तिचा, मुलगा तिचा. आणि एकदा ती नाही म्हणाली की मोनाली चोर आणि खोटारडीसुद्धा. मग ही माणसं, ज्यांनी अजून हात उचलला नव्हता, ती काय करतील? तिनं जीप कुठं उभी आहे ते बघितलं. जीपच्या पुढं मोटारसायकली लावलेल्या होत्या.

आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. भांडं असावं. त्यानंतर कितीतरी वेळ काहीच नाही.

पडदा जेमतेम हलला आणि फटीतून पुतळाबाईंचा चेहरा दिसला. पदर खांद्यावरून ढळला होता, त्याचं त्यांना भान नव्हतं.

"हायेत हुक," त्या म्हणाल्या.

"आई!"

"उपटून टाकावं म्हणलं. म्हंजी बाहीर येऊन न्हाईत म्हणता आलं असतं." म्हातारीचा आवाज रडका झाला. "एक वढला, तर शिवणच फाटली. समदी साडी खाली आली. मला न्हाई रं ती परत लावता येत. माझी बोटं वळत न्हाईत, जयसिंगा. सात वर्षं वळत न्हाईत. देवी उघडी हाय."

बायकांनी तोंडाला पदर लावले. पुरुषांनी झटकन पाठी फिरवल्या, काहींनी डोळे मिटून हात जोडले. नवरात्रात, भर सकाळी, करंजाई उघडी! गुरव खांबाआड जाऊन उभा राहिला. हे त्याचं काम नव्हतं आणि त्याला ते नकोही होतं.

सोपानरावानं मात्र पाठ फिरवली नव्हती. "रंभा," तो मोठ्यानं म्हणाला, "पदर खोच. जा आत. आतल्या ट्रंकंतली जुनी, न शिवलेली साडी काढ. मान आजपास्नं आपल्या घरचा, समद्या गावासमोर."

रंभानं पदर खोचलेलाच होता.

मोनालीनं जयसिंगकडं बघितलं. तो आधी रंभाकडं बघत होता, मग आपल्या आईकडं, मग हळूहळू त्याची मान मोनालीकडं वळली. त्याच्या मनात काय चाललंय ते तिला इतकं लख्ख दिसलं की तिच्या अंगावर काटा आला. ही आत गेली तर काय व्हायचं ते होईल, पण रंभा आत गेली तर मान गेला, पिढ्यांचा गेला, भावकीत गेला. देव-धर्म-परंपरा सगळं एका पारड्यात घातलं तरी भावकीचं पारडं जड होतं.

"एऽ," तो तिच्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "सुई-दोरा हाय का तुझ्याकडं? जा. पटकन नीट करून ये. विश्वजीत, फोन बंद कर."

आयुष्यात मोनाली इतकी कधी भ्यायली नव्हती. जे केलं नाही म्हणून ती भांडत होती, तेच आता तो तिला करायला सांगत होता, आणि तेही फोन बंद करून. ती आत गेली की उद्या हाच माणूस म्हणू शकत होता, शिरली, सगळ्या गावानं बघितलं. खरंच बघितलेलं असणार होतं.

"फोन चालू ठेव," ती विश्वजीतला म्हणाली. आवाज चिरका निघाला.

"काय?"

"चालूच ठेव." ती जयसिंगकडं वळली. "मी शिरले असं तुम्हाला माझ्या तोंडून हवं होतं ना, आबा? मी शिरत नाही. तुम्ही बोलवा. त्या फोनात बघून बोलवा."

"लई बोलू नगंस!" मागून कोणीतरी ओरडलं. कोणी खुर्चीला लाथ घातली. ती तिच्यासकट हलली. खंडू धडपडत पुढं आले आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. ते तिथून हलले नाहीत.

रंभा पायरीपर्यंत पोचली होती.

जयसिंगचा जबडा हलला. मळवटातून घामाची धार उतरून भुवईत आली. त्यानं टोपी काढली, घाम पुसला, टोपी पुन्हा घातली. मग तो वळून पोराच्या फोनकडं बघू लागला, आणि त्याच्या तोंडून एकेक शब्द उपटून काढावा तसा आला.

"मोनालीताई," तो म्हणाला. "आमच्या देवीची साडी फाटलीया. तुम्ही आत या."

"बाटलं! समदं बाटलं!" सोपानराव किंचाळला.

"गप ऱ्हा!" जयसिंग त्याच्यावर धावून गेला. "मी बोलावलंय तिला. अध्यक्ष मी हाय!"

त्या दोघांनी एकमेकांची गचांडी धरली आणि गर्दी तिकडं लोटली. मोनाली उठली. तिनं चपला काढल्या, पर्समधली सुई-दोऱ्याची डबी हातात घेतली आणि पायऱ्या चढली. पडद्यातून वाकड्या बोटांचा एक हात बाहेर आला, त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं आणि तिला उंबऱ्याच्या आत ओढून घेतलं.

"लवकर कर, पोरी," पुतळाबाई अंधारात म्हणाल्या, "मला भ्या वाटतंय."

"मला पण," मोनाली म्हणाली, आणि दिव्याच्या उजेडात सुई ओवायला लागली. दोरा नेढ्यात जाईना. बाहेरचा आरडाओरडा वाढत चालला होता. आतलं काम थोड्याच वेळात होणार होतं, हे तिला दिसत होतं. ते झाल्यावर तिला त्याच दारातून, त्याच माणसांत परत जायचं होतं.